कासरा धरलेला हात

"याच्यातला हात कुठी गेला?"

धुरपदाबाई दुकानाच्या फळीवर बसली होती. नवीकोरी फ्रेम मांडीवर आडवी घेऊन ती काचेवरून बोट फिरवत होती, आणि ते बोट उजव्या कडेला येऊन थांबलं होतं. मी आतून खळीचं पातेलं घेऊन येत होते, ती दारातच थबकले. आमचे हे हातोडी धरून नुसते तिच्याकडे बघत बसलेले. गिऱ्हाइकानं दोन शब्द जास्तीचे विचारले की ह्यांची दातखीळ बसते, मग दुकान माझ्या तोंडावर चालतं. बऱ्हाणपुरात आमच्या राजपुऱ्यात म्हणतातच, फ्रेम मोतीलालची आणि जीभ मालूबाईची.

"कुठला हात, मावशी?" मी विचारलं. "हे तर बैलाचं चित्र."

"बैलाचंच हाये वं. पन त्याचा कासरा धरेल हात होता इथी. मनगट, बोटं, बाहीचा थोडासा कपडा." तिनं मान वर केली. "माह्या मालकाचा हात होता तो."

मी पातेलं आधी खाली ठेवलं.

चित्र मी पाहिलं होतं, पण खरं सांगायचं तर बैलच पाहिला होता. मागच्या बाजाराला तिचा मुलगा उखर्डू जसोंडीहून ते बांबूच्या नळीत घालून घेऊन आला होता. तांबडा निमाडी बैल, अंगावर पांढरे छपके, वशिंड असं की बघत राहावं. इंग्रजांच्या वेळी शेतकी खात्यानं जनावरांची अशी रंगीत चित्रं छापून घेतली होती. बैल, म्हैस, मेंढा, कोंबडा. ती कचेऱ्यांत लागायची, साहेबांच्या बंगल्यांत लागायची. साहेब गेले, चित्रं मागे राहिली, आणि आता आमच्या वकिलांना नि कापूसवाल्या शेठांना त्यांचा भारी सोस. जुनी आहेत, बैठकीला शोभा येते म्हणे. ज्यांनी जन्मात शेण उचललं नाही त्यांच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत बैल! असो. आमची चूल त्यावर पेटायची, मी कशाला नावं ठेवू.

धुरपदाबाई सांगत होती. तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता, आणि तेच मला सोसवेना.

"परदर्शनात आमचा बैल पयला आला. सायबाचा मानूस चितर काढाले बसला. म्हने, मानूस बाजूले व्हय, बैलच पायजे. पन बैल काही याच्याबिगर उभा राहीना. मंग म्हने, कासरा धर, पन दूर राह्य. म्हनून हात तेवढा आला. तोंड नाही आलं." तिनं पदरानं काच पुसली. "त्याच साली तापानं गेला. उखर्डू पोटात होता माह्या. फोटू कवा काढेलच नाही. दर पोळ्याले बैलांची पूजा झाली का हे चितर भितीले लावते, नी उखर्डू या हाताच्या पाया पडतो. बाप म्हनून दुसरं काय दाखवू त्याले?"

आणि उद्या पोळा होता.

"कागद कडेनं झिजू राह्यला, म्हनून म्हटलं यंदा मढवून घेऊ. सापडंल ना वं माय? उखर्डू बैलांचा साज घ्यायले गेला. दिवे लागायच्या आत गाडी जोडनार हाये तो."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं. मी आपलं "सापडेल, सापडेल, बसा तुम्ही, चहा टाकते" असं म्हणून ह्यांना डोळ्यांनीच आत बोलावलं.

आत आल्या आल्या ह्यांना उचकी लागली. घाबरले की लागतेच. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हासुद्धा लागली होती.

"अहो, कापलात तुम्ही?"

"काच लहान होती."

"मग मोठी आणायची!"

"पोळ्याच्या आत कुठून आणू? काचवाल्याच्या पेढीवर त्या मापाची नाही." उचकी. "अगं, एका बाजूला शेपूट होती, एका बाजूला तो हात. काहीतरी कापायलाच हवं होतं. शेपूट कापली असती तर बैल खंडित झाला असता. खंडित बैल पोळ्याला कोण पुजेल? मी मुद्दाम बैल वाचवला."

बैल वाचवला! कपाळ माझं. पण काय बोलणार? दिवसभर देवांच्या तसबिरी मढवणारा माणूस. गणपतीची सोंड, कृष्णाचं मोरपीस, लक्ष्मीच्या हातातलं नाणं, काही म्हणून कापलं जाऊ नये याची ह्यांना केवढी धास्ती. एकदा मारुतीच्या शेपटीचं टोक गेलं तर दोन वेळा जेवले नाहीत. तसं पाहिलं तर ह्यांनी बरोबरच केलं होतं, फक्त कुणाला काय प्यारं आहे ते विचारलं नव्हतं.

"ती पट्टी कुठाय?"

ह्यांनी कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट दाखवलं. टोपली रिकामी होती.

आता टोपलीचं सांगायला हवं. फ्रेमच्या पाठीला पुठ्ठा आणि लाकूड यांच्यामध्ये फट राहते. तिथून धूळ शिरते, झुरळं शिरतात. म्हणून त्या फटीवरून कागदाच्या पट्ट्या खळीनं डकवून टाकायच्या. त्याला नवा कागद कोण वापरतो? चित्रांच्या कापून उरलेल्या कडा, जुनी वर्तमानपत्रं, सगळं त्या टोपलीत पडतं आणि तिथून कुणाच्या तरी देवाच्या पाठीला जातं. मैद्याची खळ मी शिजवते, डकवतात हे.

"काल तिन्हीसांजेला सगळं डकवून टाकलं," हे म्हणाले. "दोन लक्ष्म्या आणि एक महादेव."

दोन्ही लक्ष्म्या दुकानातच टांगलेल्या होत्या. आम्ही त्या उतरवल्या, आत आणून पालथ्या घातल्या, ओल्या फडक्यानं एकेक पट्टी सोडवली. वर्तमानपत्र निघालं, लग्नपत्रिकेचा तुकडा निघाला, बैलाच्या चित्राची वरची कोरी कड निघाली. हात नाही. बाहेरून धुरपदाबाईचा खोकला ऐकू येत होता. मला वाटलं, ती आत डोकावली आणि तिनं आम्हाला असं लक्ष्म्या सोलताना पाहिलं तर काय म्हणेल!

"म्हणजे महादेव," मी म्हटलं. "महादेव कुणाकडे गेला?"

"सरुबाईकडे. सकाळीच पोचवला."

अरे देवा. श्रावणातला शेवटचा सोमवार, आणि सरुबाई! त्या बाईच्या सोवळ्यापुढे तिचा नवरा आयुष्यभर ओट्यावर जेवला. सोमवारी तिच्या देवघराकडे जाण्यापेक्षा वाघाच्या पिंजऱ्यात गेलेलं परवडलं.

माझं तोंड बघून ह्यांनाच एक युक्ती सुचली. "कचेरीत हेच चित्र आहे. शेतकी कचेरीत. मीच मढवलं होतं. छापील चित्र, एकासारखं एक. तिथल्या सुधाकरला सांगून ते मागू."

माझा जीव भांड्यात पडला. छापील! मग काय, एक गेलं तर दुसरं. धुरपदाबाईला चहा दिला, तो तिनं फळीवर तसाच ठेवला. म्हटलं, मावशी, आलोच. आणि आम्ही दोघं भर दुपारी कचेरीकडे सुटलो. वाटेत पोळ्याचा बाजार भरला होता. गोंडे, घागऱ्या, झुली, शिंगांचे रंग. मी त्या गर्दीत उखर्डूला शोधत होते आणि तो दिसू नये म्हणून देवाचा धावाही करत होते.

कचेरीत सगळा पसारा. दिवाळीपासून राज्य बदलणार, आपण नागपूरचे राहणार नाही, भोपाळचे होणार, म्हणून फडक्यांत बांधलेली दप्तरं व्हरांड्यापर्यंत आली होती. सुधाकर त्या गठ्ठ्यांच्या मधोमध घाम पुसत उभा. तो तिथला कारकून, आमच्याच गल्लीतला.

"या भाभी, या! बसायला जागा नाही, बुरा मत मानना," तो म्हणाला. "नागपूरवाले बोलतात जल्दी भेजो, भोपाळवाले बोलतात अभी रुको. आम्ही बिचमें. मला कुठं टाकतात तेच माहीत नाही. बायको रोज विचारते, मी काय सांगू? तुमचं काय काम?"

मी चित्राचं सांगितलं. त्यानं मागच्या खोलीकडे मान केली. "सगळी जनावरं उतरवून ठेवली तिकडे. नवा साहेब बोलला, ये तबेला नहीं है."

खोलीच्या भिंतीवर चित्रांच्या जागी चौकोनी फिके डाग राहिले होते आणि चित्रं खाली, भिंतीकडे तोंड करून. आम्ही एकेक वळवत गेलो. मेंढा. कोंबडा. म्हैस. आणि मग बैल. तोच तांबडा, तेच छपके, तेच वशिंड. नाकातून निघालेला कासरा उजवीकडे जात होता आणि चौकटीला टेकून संपत होता.

हात नव्हता.

"ये तो आप ही के यहाँ की फ्रेम है ना?" सुधाकर मागून म्हणाला.

फ्रेम आमचीच होती. कोपऱ्याचा सांधा मी कुठेही ओळखीन. ह्यांच्याकडे पाहिलं तर उचकी थांबलेली, तोंड उतरलेलं.

"इथंही काच लहान होती?" मी विचारलं.

"नाही." हे हळूच म्हणाले. "इथं तो हात चांगला दिसत नव्हता. बैल एवढा देखणा, आणि कडेला नुसता हात. त्याला ना धड ना तोंड. लोक म्हणायचे, मोतीलाल, हे काय, भिंतीवर तुटका हात नको, अपशकुन दिसतो. म्हणून..."

"वकिलांकडचा?"

"तोही."

"जिनवाल्या शेठांचा?"

ह्यांनी मान हलवली. "जेवढे आले तेवढे सगळे. मला तर आठवतही नव्हतं गं. हात म्हणून नाही कापला कधी, कड म्हणून कापला."

मी कमरेवर हात ठेवून त्या बैलासमोर उभी राहिले. मला रडू येत होतं आणि ह्यांना दोन धपाटे घालावेसेही वाटत होते. बऱ्हाणपुरातल्या कितीतरी बैठकींच्या भिंतींवर त्या माणसाचा बैल उभा होता. माणूस तेवढा आमच्या टोपलीत गेला होता. सुधाकर म्हणाला, हेच घेऊन जा, कोण विचारतो. पण ते घेऊन काय करायचं होतं?

ऊन कलायला लागलं होतं. आता सरुबाईला पर्याय नव्हता.

दार तिच्या सुनेनं, विमलनं उघडलं. आत पाटावर आमचा नवा महादेव, समोर समई, वर बेलाची रास. सरुबाई जपाची माळ ओढत बसलेली. हे अंगणातच थांबले. मी उंबऱ्याच्या अलीकडून सांगायला सुरुवात केली, आणि घाईघाईत बोलू नये तेच बोलून बसले.

"काकू, तुमच्या महादेवाच्या पाठीला एक पट्टी लागली आहे, तेवढी काढून हवी. चुकून लागली. जसोंडीच्या एका बाईच्या नवऱ्याचा हात आहे त्यावर."

"कुणाचा हात?"

"तिच्या नवऱ्याचा. म्हणजे चित्रातला. तो बिचारा वारला पुष्कळ वर्षांपूर्वी."

माळ थांबली. "मेलेल्या माणसाचा हात माझ्या महादेवाच्या पाठीला? आणि मी सकाळपासून त्याच्यावर बेल वाहते आहे? मालू, तुझ्या नवऱ्याची मती फिरली की तुझी?"

"दोघांची," मी म्हटलं. "तुम्ही म्हणाल ते. पण आत्ता काढू द्या. पाच मिनिटांचं काम."

"आत्ता? पूजा मांडलेली आहे. आरती झाल्याशिवाय देव पाटावरून हलत नाही."

"मग आरती लवकर..."

"दिवेलागणीला म्हणजे दिवेलागणीला. महादेव म्हणजे काय टपाल आहे, लवकर वाटून टाकायला? जा. आरती होईपर्यंत तू मला काही सांगितलं नाहीस आणि मी काही ऐकलं नाही."

विमल सासूच्या मागे उभी राहून मला हातानं खुणावत होती, थांबा, थांबा. पण थांबायला वेळ कुठे होता? दिवेलागणीला आरती, आणि दिवे लागायच्या आत गाडी. मी परत दुकानाकडे पळाले. एवढ्या वाटेत माझ्या मनात काय काय येऊन गेलं. उखर्डू फ्रेम आपटेल, चारचौघांत ह्यांना बोलेल, उद्यापासून राजपुऱ्यात कोणी आपला देव आमच्या हाती द्यायचा नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे तो काहीच बोलायचा नाही, गाडी जोडून निघून जाईल.

गाडी दुकानासमोर उभी होतीच. बैलांची शिंगं नुकती साळली होती, गाडीत झुली नि गोंडे. उखर्डू फ्रेम हातात धरून उभा. तिशीच्या आतला, रुंद हाडाचा पोऱ्या. आईनं त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

मी खरं काय ते सांगून टाकलं. पट्टी कुठे आहे ते, आरतीचं, सगळं.

"चाल माय," तो म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. "रात होईल. बैलाईले उद्या उपाशी नाचवाचं का? एका कागदापायी किती बसाचं?"

"आपन थांबू."

"मी तर त्याले पाह्यला बी नाही!" तो एकदम ओरडला. "तूच म्हनते बाप, म्हनून मी पाया पडतो. मले काय मालूम, त्याचा हाये का कोनाचा हाये!"

रस्त्यावरची माणसं थांबली. धुरपदाबाई फळीवरून उठली, मुलाच्या जवळ गेली, आणि त्याचा उजवा हात मनगटाशी धरून तिनं वर केला. "हा पाह्य. असाच हाये. अंगठा असाच बाहेर निघेल. मी रोज पाहते." आणि मग माझ्याकडे वळून, "दाखव वं माय, कोनाचं घर."

उखर्डूनं बैल हाकले आणि गाडी आमच्या मागून सरुबाईच्या दारापर्यंत आणली.

धुरपदाबाई अंगणात शिरली ती थेट तुळशीपाशी खाली बसली. आत जायला निघालीच नाही. देवघराच्या दिशेनं हात जोडले आणि पदर सावरून बसून राहिली. मी आतबाहेर येरझारा घालत होते. ह्यांची उचकी पुन्हा सुरू झाली होती. भिंतीवरचं ऊन हटता हटेना. एरवी बघता बघता संध्याकाळ होते, आज सूर्याला कुणी खिळा मारून ठेवल्यासारखं झालं होतं.

बऱ्याच वेळानं सरुबाई दारात आली. तिनं धुरपदाबाईला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पाणी प्यालीस का गं?"

"नाही माय. काम झाल्यावर."

"किती वर्षं झाली त्याला?"

धुरपदाबाईनं फाटकाबाहेर गाडीपाशी उभ्या असलेल्या उखर्डूकडे बोट दाखवलं. "त्याच्यायेवढी."

मान वर करून सरुबाईनं आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं, कडेला कापसाच्या बोळ्याएवढाही ढग नव्हता.

"विमल," तिनं हाक मारली, "निरांजन लाव गं. आज आभाळ भरून आलंय, अंधार लवकर पडणार."

विमल बिचारी आभाळाकडे बघतच राहिली. मी तिला आत ढकललं. आरती झाली, घंटा वाजली, सरुबाईनं एक कडवंसुद्धा गाळलं नाही. मग तिनं स्वतःच्या हातानं महादेव उचलला, धुरपदाबाईच्या समोर ओट्यावर धोतराची घडी अंथरली आणि त्यावर देव पालथा घातला. "काढा," ती ह्यांना म्हणाली. "आणि हात थरथरू देऊ नका."

ह्यांनी फडकं ओलं करून पट्टीवर ठेवलं, दाबलं, वाट पाहिली. पहिली पट्टी वर्तमानपत्राची. दुसरी कुठल्याशा औषधाच्या जाहिरातीची. तिसऱ्या पट्टीचा कागद जाड निघाला. छापलेली बाजू आत गेली होती, वरून नुसता पांढरा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सावकाश. एका टोकाशी बारीक खिळा ठोकलेला होता, तो पक्कडीनं उपटला. पाणी सोडत, नखानं उचलत, पुन्हा पाणी सोडत हे कागद वर घेत होते. उचकी थांबली होती की आमचं कुणाचं लक्ष नव्हतं, देव जाणे. उखर्डू कधी येऊन आईच्या मागे उभा राहिला तेही कळलं नाही.

पट्टी सुटली. हे तिला ओट्यावर उताणी करणार तेवढ्यात धुरपदाबाईनं आपला हात पुढे केला. ह्यांनी ती तिच्या तळव्यावर ठेवली.

काळसर, राबलेला हात. बोटांत कासऱ्याचा वेढा, अंगठा बाहेर निघालेला. मनगटाशी खिळ्याचं भोक. आणि करंगळीचं टोक नव्हतं. ते फ्रेमच्या लाकडालाच चिकटून राहिलं होतं. हे पुन्हा फडकं ओलं करायला लागले, तर सरुबाईनं त्यांना अडवलं.

"फाटेल ते. राहू दे तिथंच. महादेवाला काही होत नाही."

उखर्डू वाकून बघत होता. तो पाया वगैरे काही पडला नाही. नुसता बघत राहिला, आणि मग आपला अंगठा त्यानं मुठीत दाबून धरला.

आमच्या ह्यांना आता बोलायचं होतं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "मावशी, मोठी काच मागवतो. खंडव्याहून मागवतो. हात आणि बैल जोडून देतो, सांधा दिसणार नाही." मग एकदम म्हणाले, "मावशी, हे चित्र पुष्कळांकडे होतं. कचेरीत, वकिलांकडे. सगळी माझ्याकडेच आली होती. सगळ्यांचा हात मी कापला."

मला वाटलं, आता हे कशाला सांगता! तिला माहीतही नव्हतं.

धुरपदाबाई तळव्याकडेच बघत होती. "लय ठिकानी होता का तो?"

"हो."

"मले वाटे, एवढाच हाये." तिनं तळवा जरा जवळ घेतला. "म्हंजी आता एवढाच राह्यला."

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी आजवर ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. विमलनं पाण्याचा तांब्या आणला. धुरपदाबाईनं तो डाव्या हातानं घेतला, वरून धार धरून प्याली. सरुबाईनं तिच्या पदरात एक नारळ घातला आणि आत निघून गेली.

आम्ही गाडीपर्यंत गेलो. मला आठवण झाली, फ्रेम गाडीत झुलींवर पडली होती. मी ती नीट ठेवायला गेले तर धुरपदाबाई म्हणाली, "ते ठेव वं माय तुह्याकडंच."

"अहो मावशी, तुमचा बैल आहे."

"बैल दोन हायेत घरी. उद्या त्याईलेच पुजाचं हाये." तिनं फ्रेमकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमी लावा दुकानात. शोभा येईल."

तिच्या बोलण्यात कुठे काही टोचणारं नव्हतं. ती सरळच बोलली होती, आणि ह्यांनी ती फ्रेम दोन्ही हातांनी छातीशी धरली. उखर्डूनं आईला कमरेला धरून गाडीत बसवलं. कागद अजून ओला होता. मूठ मिटली असती तर चिकटून चुरगळला असता, म्हणून तिनं हात तसाच उताणा, पुढे धरला होता.

"दांडीले धर ना माय," उखर्डू म्हणाला. "रस्ता खराब हाये. पडशील."

"मी नाही पडत. तू हळू हाक."

गाडी राजपुऱ्याच्या दरवाजातून बाहेर पडली. लोक पोळ्याचा बाजार आटोपून निघाले होते, कुणाच्या डोक्यावर झुली, कुणाच्या हातात गोंडे. त्या गर्दीत धुरपदाबाई गाडीत ताठ बसलेली दिसत होती. आधाराला काही न धरता, उघडा तळवा समोर घेऊन, कागद वाळायची वाट बघत.